एका अर्जात सात मागण्या

‘आमची १४० घरांची कॉलनी २०१७ साली गावाबरोबर पुणे महापालिकेत आली. कर वेळेवर भरतो. तीन वर्षांत तीनदा अर्ज दिला, शंभरावर सह्या जोडल्या, एकदाही काही झालं नाही. कार्यक्रम तर सगळे वर्गणीवरच चालतात. आमच्या वाट्याचा निधी असतो तरी कुठे, आणि तो मागायचा कुणाकडे?’ असं एका ताईंनी विचारलं आहे. सोबत तिन्ही अर्जांचा फोटो टाकला, हे फार बरं केलंत. माझं अर्धं उत्तर त्या फोटोतच आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. राज्यातल्या एका महापालिकेत मी २७ वर्षं नोकरी केली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो, आणि मधली बहुतेक वर्षं क्षेत्रीय कार्यालयातच गेली. आता पुण्यात मुलीजवळ राहतो आणि आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे अर्ज मीच लिहितो. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे.

तुमच्या अर्जात सात मागण्या आहेत: त्रिकोणी मोकळ्या जागेत बाग, रस्त्यावर दिवे, बसायला बाकं, पावसाळी गटारावर झाकणं, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र, मुलांच्या उन्हाळी शिबिराला मदत आणि कोजागरीच्या कार्यक्रमाला निधी. सातही मागण्या रास्त आहेत. पण त्या पत्राचं ऑफिसात पुढे काय झालं असेल, ते मी न पाहता सांगतो. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का बसला, एक आवक क्रमांक पडला. मग ते सहायक आयुक्तांसमोर गेलं. त्यांच्यापुढे त्या दिवशी असे तीस-चाळीस कागद होते. त्यांनी पहिल्या चार ओळी वाचल्या आणि समासात हिरव्या शाईने एका खात्याचं नाव लिहिलं. तुमची पहिली मागणी बागेची, म्हणून ‘उद्यान’. उद्यानवाल्यांनी बघितलं, तर जागा त्यांच्या ताब्यात नाही. शेरा पडला: ‘सदर जागा या विभागाच्या ताब्यात नसल्याने कार्यवाही करता येत नाही. उर्वरित मागण्या या विभागाशी संबंधित नाहीत.’ पत्र फायलीला लागलं, निकाली निघालं. दिव्यांची मागणी विद्युत विभागाने कधी वाचलीच नाही आणि गटाराचं ड्रेनेजवाल्यांना कळलंच नाही. यात कुणी तुमच्यावर डूख धरला असं नाही. एका कागदाला पाय एकच असतात, तो एकाच टेबलाकडे चालत जातो. असे शेरे मीही ढिगाने लिहिले आहेत.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सात मागण्यांचे सात कागद करायचे. प्रत्येक कागदावर एकच काम, त्या खात्याच्या नावाने. मजकूर एका पानाच्या वर नको. कामाची जागा अशी लिहा की नवा माणूससुद्धा न विचारता पोचेल: ‘अमुक दुकानापासून तमुक वळणापर्यंत, दिव्याच्या खांबावरचा रंगवलेला क्रमांक हा, त्यानंतर ९० मीटर अंधार’. दोन फोटो जोडा, अंधाराचा फोटो रात्रीच काढलेला हवा (लोक दुपारी खांबांचे फोटो काढून आणतात आणि मग आम्हाला काय दिसणार!). सह्या दहा-पंधरा पुरेत. ‘आम्ही कर भरतो’ हे वाक्य काढून टाका. वाचणारा कारकूनही कर भरतो, त्याच्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. पोचपावतीवरचा आवक क्रमांक मात्र जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं.

आता पैशाबद्दल. ‘आमच्या वाट्याचा निधी’ नावाचं काही महापालिकेत कुठे ठेवलेलं नसतं. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं मांडलं गेलं होतं. आकडा ऐकून वाटतं, यात आपल्या चार बाकांचं काय ते! पण त्यातला मोठा भाग पगार, पेन्शन, पाणी, कचरा, आधीच चालू असलेले पूल आणि रस्ते यांत बांधलेला असतो. उरलेला पैसाही अर्थशीर्षकांत वाटलेला असतो. अर्थशीर्षक म्हणजे पैशाची खुंटी समजा. दिव्याच्या खुंटीवरचा पैसा बाकांना लावता येत नाही. लावायचाच असेल तर त्याला वर्गीकरण करावं लागतं, त्याचा वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी. म्हणून ‘बजेट नाही’ असं कुणी सांगितलं, तर चिडण्याआधी विचारायचं, ‘कुठल्या शीर्षकात नाही?’ हा एक प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो.

तुमच्यासारख्या कॉलनीला उपयोगी पडतील अशा खुंट्या मोजक्याच.

सगळ्यात जवळची म्हणजे क्षेत्रीय कार्यालयाकडची देखभाल-दुरुस्ती. गटाराचं फुटलेलं झाकण, बंद दिवा, उखडलेला पेव्हिंग ब्लॉक यांना नवीन मंजुरी लागत नाही. वर्षभराचा ठेकेदार नेमलेला असतो, जेईने (म्हणजे कनिष्ठ अभियंत्याने) सांगितलं की तो येतो. तुमच्या सातातली झाकणं इथूनच होतील, आणि अर्ज नीट गेला तर सगळ्यांत आधी होतील. ती पहिली मागा. एक काम झालेलं दिसलं की कॉलनीतल्या ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचा आवाज खाली येतो.

दुसरी खुंटी नागरिकांच्या सहभागाच्या अंदाजपत्रकाची. लोकांनी बजेटमधली कामं सुचवायची ही पद्धत ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये सुरू झाली. पुण्याने ती २००६ पासून घेतली, आणि देशात फार थोड्या शहरांनी ती इतकी वर्षं टिकवली आहे. साधारण पावसाळा संपत येताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, महापालिका फॉर्म मागवते. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन भरता येतो. बरीच वर्षं एका कामाला ५ लाखांची मर्यादा आहे. फॉर्म आला की त्यावरचे आकडे आणि शेवटची तारीख बघून घ्या. बाकं, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांब्याची शेड, कचरा वर्गीकरणाची शेड असली कामं यात बसतात. विरंगुळा केंद्राची इमारत बसत नाही. तुमचे तिन्ही अर्ज मी तारखेनुसार बघितले: जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. म्हणजे दर वर्षी गाडी सुटल्यावर तुम्ही स्टेशनात पोचलात.

हे वेळापत्रक एकदा डोक्यात बसवा. कायद्याने आयुक्तांनी १५ जानेवारीपर्यंत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवायचं असतं. प्रत्यक्षात ते पुढे सरकतंही, पण खात्यांच्या याद्या दिवाळीच्या मागे-पुढेच तयार झालेल्या असतात. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू. मग जेई पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज) करतो, त्याला तांत्रिक मंजुरी, मग टेंडर, मग वर्क ऑर्डर. तेवढ्यात पाऊस, गणपती, एखाद्या निवडणुकीची आचारसंहिता. खरं काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरकतं, आणि ३१ मार्चला न वापरलेला पैसा लॅप्स. मार्च महिन्यात शहरभर जिकडेतिकडे खणलेलं दिसतं ते यामुळे. मार्चमध्ये आमच्या ऑफिसात चहा पण उभ्याने प्यायचो, आणि त्याच महिन्यात लोक नवीन कामाचे अर्ज घेऊन यायचे.

तिसरी खुंटी नगरसेवकांची. पुण्यात तिला ‘स’ यादी म्हणतात. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं अंदाजपत्रकात त्या यादीने येतात. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. त्यामुळे तुमचे अर्ज ज्या काळात गेले, तेव्हा पाठपुरावा करणारा माणूसच खुर्चीत नव्हता, हेही लक्षात घ्या. आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक आहेत. चौघांना वेगवेगळी निवेदनं देऊ नका. चौघंही ‘बघतो’ म्हणतील आणि प्रत्येकाला वाटेल की श्रेय दुसरा घेणार. ज्याचं किंवा जिचं घर तुमच्या बाजूला आहे, जे तुमच्या रस्त्याने रोज जातात, त्यांना एक काम द्या. दुसरं काम दुसऱ्याला.

आमदार आणि खासदार निधी ही चौथी. दोघांनाही वर्षाला ५ कोटी असतात, पण त्यात अख्खा मतदारसंघ आला. तिथे आमदारांचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेकडे जातं आणि काम कुठली तरी सरकारी यंत्रणाच करते. यातून टिकाऊ सार्वजनिक मालमत्ता उभी राहू शकते, म्हणून विरंगुळा केंद्राच्या इमारतीसाठी हा रस्ता धरा. कार्यक्रम, पगार, वीजबिल असले चालू खर्च यातून होत नाहीत.

आणि कायद्यात एक गोष्ट आहे जी तुम्ही कदाचित ऐकलीही नसेल: क्षेत्रसभा. २००९ साली महापालिका कायद्यात दुरुस्ती होऊन मतदान केंद्रांच्या हद्दीनुसार मतदारांच्या सभा घ्यायची तरतूद आली, गावात ग्रामसभा असते तशी. माझ्या नोकरीत मी अशी एकही सभा भरलेली पाहिली नाही. तुमच्या गावात तर २०१७ पर्यंत ग्रामसभा होत होती. शहरात आल्यावर बोलायची जागाच गेली. नवीन नगरसेवकांना हे लेखी विचारायला हरकत नाही, पण त्याच्यावर विसंबून बाकांचं काम अडवू नका.

इथपर्यंतचं पुन्हा एकदा: झाकणं देखभालीतून, आत्ता. दिवे आणि बाकं नागरिकांच्या अंदाजपत्रकातून, फॉर्म येताच. केंद्राची इमारत आमदार निधी किंवा मुख्य खात्याकडून, दोन-तीन वर्षांचा हिशेब धरून.

पण यातल्या प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट आडवी येणार आहे, आणि तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेखच नाही. ती म्हणजे जागा कुणाची? महापालिकेचा पैसा महापालिकेच्या किंवा निदान सार्वजनिक जागेवरच लागतो. तुमच्या त्या त्रिकोणाबद्दल तुम्ही ‘मोकळी जागा’ एवढंच लिहिलं आहे. आमच्या भाषेत मोकळ्या जागेचे बरेच प्रकार असतात. लेआउट मंजूर करताना सोडलेली ओपन स्पेस असेल (मोठ्या लेआउटला १० टक्के सोडावी लागते), तर ती तिथल्या प्लॉटधारकांची किंवा सोसायटीची असते. तिथे बाग करायची तर तुमची तुम्हीच. अ‍ॅमिनिटी स्पेस (सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) असेल, तर ती महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहे का ते बघायचं. विकास आराखड्यातलं आरक्षण असेल, तर आरक्षण पडणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं. मधे वीस-वीस वर्षं जातात. आणि समाविष्ट गावांत चौथाच प्रकार सापडतो: जागा ग्रामपंचायतीची होती, गाव महापालिकेत आलं, पण सातबाऱ्यावर अजून ग्रामपंचायतीचंच नाव आहे. हा प्रकार निघाला तर तुमचं नशीब चांगलं. नुसता कागद बदलायचा आहे, मालकाशी भांडायचं नाही.

हे शोधायला तलाठी कार्यालय किंवा ऑनलाइन सातबारा, सिटी सर्व्हे झाला असेल तर प्रॉपर्टी कार्ड, आणि महापालिकेकडून झोन दाखला (विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा कागद). दोन-तीन चकरा होतील, शे-दोनशे रुपये जातील. पण तो कागद अर्जाला जोडलात तर उद्यान विभागाच्या शेऱ्यातली पहिली ओळच बाद होते. तुमचे अंतर्गत रस्ते महापालिकेकडे हस्तांतरित झालेत का, हेही त्याच फेरीत विचारा. झाले नसतील, तर दिव्यांच्या अर्जालाही तीच अडचण येणार.

बाकांबद्दल माझीच एक फजिती सांगतो. नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका कॉलनीने बाकं मागितली. मी नकाशावर बघून जागा ठरवली: पदपथ रुंद, झाड मोठं, सावली भरपूर. सहा बाकं बसवली, बिल निघालं, फोटो फायलीला लावला. दोन महिन्यांनी तिथून जाताना बघितलं तर एकही माणूस बसलेला नाही. झाड पिंपळाचं होतं आणि संध्याकाळी त्यावर साळुंक्या आणि बगळे मुक्कामाला यायचे. सकाळी सहाही बाकं पांढरी. कॉलनीतले आजोबा लोक पलीकडच्या किराणा दुकानाच्या पायरीवर बसले होते, नेहमीसारखे. त्यांना विचारलं, तर एक आजोबा म्हणाले, ‘साहेब, इथून शाळेची बस दिसते. तिथून काय दिसतं?’ नातवंडं ज्या बसने येतात, ती बस दिसायला हवी एवढीच त्यांची गरज होती. मी संध्याकाळी पाच वाजता एकदा तिथे जाऊन उभा राहिलो असतो, तर बाकं वीस फूट अलीकडे बसली असती.

म्हणून तुम्ही अर्ज लिहायच्या आधी आठवडाभर फक्त बघा: लोक आत्ता कुठे बसतात? बाक तिथेच मागा. टेप घेऊन जा. पदपथावर बाक ठेवल्यावर चालायला १.८ मीटर मोकळं राहिलं पाहिजे, पदपथाचा तो किमान मापदंड आहे. राहत असेल, तर अर्जात आकडा लिहा: ‘पदपथ ३ मीटर, बाकानंतर २.३ मीटर शिल्लक’. असं वाक्य अर्जात आलं की जेईचं अर्धं काम झालेलं असतं, आणि ज्या अर्जात आपलं अर्धं काम झालेलं आहे तो अर्ज आम्ही आधी उचलतो. माणसाचा स्वभाव आहे, दुसरं काय.

विरंगुळा केंद्राबाबत थोडं थंड पाणी ओततो. इमारत मिळणं अवघड असलं तरी होतं. चालवणं जास्त अवघड. रोज सकाळी कुलूप कोण काढणार, वर्तमानपत्रांचं बिल, ट्यूबलाइट, संडासाची सफाई? महापालिका बहुतेक वेळा इमारत देते आणि चालवायला ज्येष्ठ नागरिक संघाशी करार करते. त्यासाठी संघ नोंदणीकृत लागतो: सात सभासद, घटना, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दर वर्षी हिशेबतपासणी. तुमचा संघ नोंदलेला नसेल तर आज इमारत मागू नका. आधी संघ नोंदवा, वर्षभर कुणाच्या तरी पार्किंगमध्ये नियमित जमा, हजेरीचं रजिस्टर ठेवा. त्या रजिस्टरच्या झेरॉक्ससह केलेली मागणी आणि ‘आमच्याकडे बरेच ज्येष्ठ आहेत’ ही मागणी यांत फार फरक पडतो. शिवाय वर्षभरात हेही कळेल की रोज येणारे किती आणि कोजागरीच्या मसाला दुधाला येणारे किती.

कोजागरीवरून कार्यक्रमांकडे येतो. इथे माझं मत स्पष्ट आहे आणि सगळ्यांना पटेलच असं नाही: कॉलनीच्या कार्यक्रमासाठी महापालिकेकडे रोख मदत मागू नका. महापालिका कायद्याच्या ६३व्या कलमात बंधनकारक कामं आहेत: पाणी, गटार, दिवे, सफाई. सार्वजनिक समारंभ, करमणूक, प्रदर्शनं ही ६६व्या कलमात येतात, म्हणजे ऐच्छिक. ऐच्छिक खर्चावर लेखापरीक्षणात आक्षेप पहिला येतो, म्हणून अधिकारी हात आखडता घेतात. एकदा कॉलनीच्या कार्यक्रमाला दिलं की शेजारच्या चाळीस कॉलन्या रांगेत. नगरसेवक स्वतःच्या खिशातून देतील, मग फ्लेक्सवर त्यांचा फोटो येईल आणि भाषणही होईल. त्यात पाप काही नाही. पण वर्षभरात त्यांच्याकडे तुम्ही जितके शब्द टाकू शकता ते मोजकेच असतात, ते दुधाच्या पातेल्यावर कशाला खर्च करायचे?

वस्तू आणि जागा मागा. त्या बिनबोभाट मिळतात. मे महिन्यात महापालिकेची शाळा रिकामी असते. वर्ग किंवा मैदान शिबिराला मिळावं म्हणून मार्चमध्ये अर्ज करा, नाममात्र भाडं आणि अनामत भरा. फिरतं शौचालय मागता येतं. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आरोग्य निरीक्षकांना आणि मुकादमांना भेटलात तर जादा डबे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गाडी, हे तोंडी बोलण्यावर होतं. कचरा उचलणाऱ्या ताईंना त्या दिवसाचे वेगळे पैसे द्या आणि पत्रावळी-कप वेगळे करून द्या, एवढं मात्र विसरू नका.

परवानग्यांचं थोडक्यात: रस्त्यावर मांडव घालायचा तर महापालिकेचा मंडप परवाना आणि पोलिसांची परवानगी, सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी, स्पीकर रात्री दहाला बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंतची सूट सरकार देऊ शकतं, पण त्यातले बरेच दिवस गणपती-नवरात्रासारख्या मोठ्या सणांनाच जातात. त्यामुळे कोजागरीला आमच्याकडे गाणी आधी, दूध बाराला, आणि मधले दोन तास गप्पा. गेल्या वर्षी त्या दोन तासांतच आमच्या संघाचे अकरा नवीन सभासद झाले.

कार्यक्रमाचा एक उपयोग मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. मी जेई असताना एका वस्तीने मला गणपतीच्या आरतीला बोलावलं. साडेसातची वेळ, दिवे गेलेले, आणि मांडवाच्या अलीकडे तुंबलेल्या चेंबरच्या पाण्यात माझा पाय घोट्यापर्यंत गेला. त्या चेंबरची तक्रार माझ्या टेबलावर तीन आठवडे पडून होती. एका मावशींनी तांब्याभर पाणी आणून पाय धुवायला दिलं, कुणी काही बोललं नाही, आरती झाली, प्रसाद मिळाला. चेंबर त्याच आठवड्यात साफ झाला. नंतर मला संशय आला की त्यांनी मला मुद्दामच त्या बाजूने आणलं असावं. तुमच्या कोजागरीला जेई, आरोग्य निरीक्षक आणि मुकादम या तिघांना बोलवा. सत्कार-बित्कार नको, दूध द्या आणि अंधाऱ्या रस्त्यानेच आणा.

आधीपासून चालू असलेल्या योजनाही बघा, त्यांना नव्या मंजुरीची गरज नसते. महापालिकेचा समाज विकास विभाग बचत गट, प्रशिक्षणवर्ग चालवतो. दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलांना मौलाना अबुल कलाम आझाद आणि लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने अर्थसाहाय्य आहे, दहावीला १५ हजार आणि बारावीला २५ हजार अशी रक्कम बरीच वर्षं दिली जाते. तुमच्या १४० घरांत दर वर्षी दोन-चार मुलं तरी पात्र असतील. किती जणांनी अर्ज केला होता? शिबिरासाठी फार तर पाच हजार मिळाले असते, त्यापेक्षा हे पैसे जास्त आहेत.

पाठपुराव्याचं सांगतो आणि थांबतो. अर्जाला एक महिना द्या. मग आवक क्रमांक घेऊन जेईंना भेटा, शक्यतो सकाळी दहाच्या सुमारास, साइटवर निघायच्या आधी. काही हललं नसेल तर माहितीचा अधिकार: दहा रुपये, तीस दिवस. त्यात ‘काम का झालं नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्यांची प्रत द्यावी’ असं लिहा. त्याच्याही आधी, सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात फायली बघता येतात. पुणे महापालिकेत ही सोय जुनी आहे आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. मला हा मार्ग जास्त आवडतो. समोर बसून फाइल चाळली की शेरा दिसतो, शेरा दिसला की नेमकी अडचण कळते, आणि बऱ्याचदा समोरचा कारकूनच सांगतो, ‘हे असं लिहून आणा, मग होईल’.

तुमच्या बाबतीत किती वेळ लागेल, हे त्या त्रिकोणाच्या उताऱ्यावर आणि रस्त्यांच्या हस्तांतरणावर ठरेल. दोन्ही कागद अनुकूल निघाले, तर झाकणं पावसाळ्याआधी आणि दिवे-बाकं ज्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतील त्या वर्षाच्या मार्चपर्यंत, असा माझा अंदाज. एखादा कागद अडला तर बाग विसरा आणि बाकांवर जोर द्या. उतारा काढलात की त्याचा फोटो इथे टाका, मालकाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते मी बघून सांगतो. आणि बाकांची जागा ठरवायच्या आधी वर कुठलं झाड आहे तेवढं बघा.